पाणी कुठून आलं ते आधी विचारा

चिंचवडगावातल्या जुन्या घरांमध्ये पावसाळ्यात पवनेची पातळी हा रोजच्या बोलण्याचा विषय असतो. मोरया गोसावींच्या मंदिरालगतच्या घाटाच्या किती पायऱ्या उघड्या आहेत, पाणी आवारात शिरलं का, यावरून वडीलधारी माणसं धरणातून किती सोडलं असेल याचा अंदाज बांधतात. मी त्याच गावात वाढलो. पुढे चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली, गुरुवारची साप्ताहिक सुट्टी वाट्याला आली आणि त्या सुट्टीत मित्रांबरोबर कयाक घेऊन नदीवर जायची सवय जडली. पवना, इंद्रायणी, भामा, भीमा आणि घाटाखालची कुंडलिका या आमच्या नद्या.

अलीकडे हवा भरून फुगवायची कयाक घरपोच मिळते, त्यामुळे नदीवर येणारी तरुण मुलं वाढली आहेत. त्याचा मला मनापासून आनंद आहे. नदीवर माणसं जायला लागली की निदान काही जणांना तरी ती स्वच्छ असावीशी वाटू लागते. पण उतरायचं की नाही हे ही मुलं काठावर उभं राहून, समोरचं पाणी बघून ठरवतात. आपल्याकडे तेवढं पुरत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस, धरणाचे दरवाजे, बंधाऱ्याचे ढापे, वीजघराचं वेळापत्रक या सगळ्यांनी मिळून ते पाणी तिथवर आणलेलं असतं. गेल्या काही वर्षांत याबाबतीत जे शिकायला मिळालं ते इथे मांडतो.

१. नदीकडे निघण्याआधी घाटमाथ्याकडे बघा

आकुर्डीत लख्ख ऊन आणि पवना मात्र चढतेय, असं दर पावसाळ्यात घडतं. शहरात वर्षाकाठी सात-आठशे मिलिमीटर पाऊस होतो. लोणावळ्यात तो चार हजारांच्या पुढे जातो. मधलं अंतर जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरचं. आपल्या नदीतलं बहुतेक पाणी आपल्या डोक्यावर पडलेलंच नसतं. हवामान विभाग पुणे शहर आणि जिल्ह्याचा घाट परिसर यांचे इशारे वेगवेगळे देतो. शहराला पिवळा आणि घाटाला लाल असेल तर नदीवर जाणाऱ्याने लाल धरावा.

२५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदवला गेला. त्याच दिवशी भल्या पहाटे, खडकवासल्याचा विसर्ग वाढल्यावर पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरलं आणि झोपेतल्या माणसांना हाती लागेल ते घेऊन बाहेर पडावं लागलं. काठावरच्या पक्क्या घरात झोपलेल्यांना एवढा कमी वेळ मिळाला, तर पात्रात असलेल्यांना किती मिळेल याचा विचार करा.

जून ते ऑगस्ट आम्ही या बाजूच्या नद्यांवर उतरत नाही. पहिल्या पुरात गटारांचा आणि कारखान्यांच्या मागच्या नाल्यांचा साठलेला सगळा मैला वाहून येतो, हे त्याचं आणखी एक कारण. आमचा हंगाम घटस्थापनेला सुरू होतो. तेव्हा धरणं भरलेली असतात, विसर्ग थांबलेला किंवा अगदी थोडा असतो, पाणी निवळलेलं असतं आणि पात्रात अजून जीव असतो. दिवाळीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले.

२. ही नदी कोणाच्या हातात आहे ते माहीत करून घ्या

शेजारच्या दोन नद्यांची पातळी वेगवेगळ्या कारणांनी हलते. त्यामुळे ‘नदीला पाणी कसं आहे?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो.

पवना धरणाच्या हातात आहे. पवनानगरहून सोडलेलं पाणी बेबडओहोळ, सोमाटणे, शिरगाव, गहुंजे असं करत रावेतच्या बंधाऱ्याला येतं आणि तिथून महापालिका ते उचलते. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं पवनेचं पाणी आधी उघड्या नदीतून वाहत येतं. ते धरणातूनच बंद नळाने आणायची योजना होती. तिला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला आणि काम थांबलं. म्हणून भर एप्रिल-मेमध्ये, आजूबाजूचे ओढे कोरडे पडलेले असताना, धरणापासून रावेतपर्यंत पवना वाहती दिसते. त्या पाण्यावर वल्हं मारताना ही गोष्ट लक्षात असलीच पाहिजे, असं मला वाटतं. काठावरच्या गावांशी आपण कसं वागतो, कोणाच्या शेतातून नाव खांद्यावर घेऊन जातो, कचरा कुठे टाकतो, हे सगळं त्यातून ठरतं.

रावेतच्या खाली उन्हाळ्यात वेगळीच नदी सुरू होते. धरणाचं पाणी वरच उचललेलं असतं, खाली उरतं ते नाल्यांचं. त्यावर जलपर्णी पसरते. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यापासून पुढे दापोडीपर्यंत तिथली पातळी कितीही चांगली दिसली तरी आम्ही तिकडे फिरकत नाही. अंगावर ओरखडा असताना त्या पाण्याचा एक शिंतोडासुद्धा नको.

इंद्रायणी पावसाच्या हातात आहे. लोणावळ्याच्या बाजूचं बरंच पाणी टाटांच्या तलावांमधून घाटाखाली खोपोलीच्या वीजघराकडे जातं. आंद्रा आणि वडिवळे ही धरणं तिला मिळणाऱ्या नद्यांवर आहेत. मुख्य धारेला पवनेसारखं एक मोठं धरण अडवत नाही, म्हणून लोणावळ्यात जोराचा पाऊस झाला की कामशेत, तळेगावपर्यंत पाणी काही तासांत चढतं आणि पाऊस थांबला की तितक्याच वेगाने उतरतं. पवनेवर निदान विसर्गाची सूचना येते. इंद्रायणीवर ढग बघावे लागतात.

भामा आणि भीमा या खेडच्या नद्या शेतीच्या आवर्तनाच्या हातात आहेत. एरवी जिथे नाव दगडांवर घासते तिथे भामा-आसखेड किंवा चासकमानचं पाणी नदीत सोडलं की आठवडाभर सुरेख धार असते. मग आवर्तन बंद होतं आणि पाणी निघून जातं. चाकणला कामाला असणाऱ्याला ही बातमी चहाच्या टपरीवर मिळते, कारण बरोबरच्या निम्म्या लोकांची शेती त्याच पाण्यावर असते.

३. क्युसेकचा हिशोब घरी बसून करा

बातमीत विसर्ग क्युसेकमध्ये येतो. सेकंदाला एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक, साधारण २८.३ लिटर. पाच हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक लाख एकेचाळीस हजार लिटर, वजनात मोजलं तर १४१ टन पाणी एका सेकंदात तुमच्या समोरून जातं. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा अडथळ्यावरचा दाब चौपट होतो. उलटलेली नाव दगडाला टेकली तर तिच्यावर किती भार येईल, हे या हिशोबातून कळतं. दोन माणसांनी ओढून ती निघत नाही.

पण नुसता आकडाही फसवतो. एक तर तो धरणाच्या पायथ्याचा असतो. खालच्या चाळीस किलोमीटरमधले ओढे आणि नाले त्यात धरलेले नसतात. दुसरं म्हणजे तेवढंच पाणी रुंद पात्रात संथ पसरतं आणि दोन खडकांच्या मधल्या अरुंद जागेत उसळतं. तिसरं, पाण्याला वेळ लागतो. सकाळी पवनानगरला सोडलेलं पाणी चिंचवडला दुपार उलटून गेल्यावर जाणवतं. मधे कुठेतरी तुम्ही असाल तर ते तुम्हाला मागून येऊन गाठतं. म्हणून विसर्ग किती, यापेक्षा तो कधी बदलला आणि आपण तेव्हा कुठे असणार, हे मी आधी बघतो. ‘आवश्यकतेनुसार विसर्ग वाढवण्यात येईल’ असं वाक्य सूचनेत असलं की त्या दिवशीचा बेत रद्द.

सांगली-कोल्हापूरकडे वेगळी पद्धत रुळलेली आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे हेच आकडे ३९ आणि ४३. तिथल्या शाळकरी मुलालाही ते पाठ असतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पातळीचे फूट-इंच घरोघरी विचारले जातात. आपल्याकडे सामान्य माणसाच्या तोंडी फक्त विसर्गाचा आकडा असतो, ठरावीक जागेची पातळी नसते. विसर्गाचं पातळीत रूपांतर आपलं आपल्याला करावं लागतं.

४. स्वतःची खूण ठेवा आणि दर वर्षी नव्याने तपासा

ते रूपांतर असं होतं. जिथून नाव पाण्यात घालता तिथला एक हलणार नाही असा दगड, पुलाचा खांब किंवा घाटाची पायरी धरा. तिथे पाणी कुठे होतं आणि त्या दिवशी विसर्ग किती होता, हे वहीत लिहून ठेवा. खाली खडकाळ टप्प्यात नाव घासली की सहज गेली, तेही लिहा. एक-दोन हंगामांत तुमची स्वतःची मोजपट्टी तयार होते. शिरगावच्या अलीकडे एका काळ्या कातळाचं डोकं आमची खूण आहे. ते कोरडं असेल तर खालच्या उथळ जागेत उतरून चालावं लागतं. नुसता माथा भिजत असेल तर सगळ्यात उत्तम. कातळ दिसतच नसेल तर गाडीवरून नाव उतरवायची नाही.

पण आपल्या भागात नदीचं पात्र जागच्या जागी राहत नाही. काठावर राडारोडा टाकून जमीन पुढे सरकवली जाते, नव्या पुलासाठी पात्रात भराव घालतात, काम संपल्यावर त्यातला थोडा तिथेच राहतो. पात्र अरुंद झालं की तेवढ्याच विसर्गाला पाणी जास्त उंच चढतं आणि जास्त वेगाने पळतं. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं कागदावर आखलेलं आहे. काठावरून जाताना त्या रेषांच्या आत काय काय उभं राहिलंय ते दिसतं आणि जीव कळवळतो. नदीवर नियमित जाणाऱ्यांनी हे भराव टिपून ठेवले पाहिजेत, त्यांचे फोटो महापालिकेकडे पाठवले पाहिजेत. पात्राच्या मधोमध बसून दिसतं ते रस्त्यावरून दिसत नाही. तर, मागच्या वर्षीच्या खुणेवर यंदा विसंबू नका. हंगामाच्या पहिल्या फेरीला खूण नव्याने ताडून बघा.

५. मोटारी वर घेतल्यात का ते बघा

पाणी सुटणार असलं की पाटबंधारे खातं काठच्या गावांना कळवतं. नदीपात्रातल्या मोटारी, अवजारं, जनावरं हलवा, असं त्या सूचनेत असतं. त्यामुळे नदीवर पोचल्यावर मी आधी शेतकऱ्यांच्या मोटारी शोधतो. पाण्याच्या कडेला नेहमीच्या जागी असतील तर ठीक. दोरखंडाने ओढून वर बांधावर घेतल्या असतील तर मोबाइलमध्ये काहीही दिसत असो, तिथून परतायचं.

बेबडओहोळच्या पुढे एका मळ्यातल्या तात्यांनी हे मला शिकवलं. आम्ही गाडीवरून नावा सोडत होतो.

“दादा, आज होड्या खाली घेऊ नका. मोटार सकाळीच वर काढलीय.”

“बातमीत तर काहीच नाही, तात्या.”

“बातमी येईल सावकाश. पोलीसपाटलाला फोन आलाय रात्रीच. दुपारपर्यंत त्या बाभळीला पाणी लागतंय बघा.”

आम्ही त्यांच्याकडेच थांबलो, चहा झाला, गप्पा झाल्या. दुपारी बाभळीची खोडं पाण्यात होती. नदीची इतकी नेमकी माहिती मला कुठल्याही ॲपवर मिळालेली नाही. काठावरच्या माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय आम्ही उतरत नाही. शेतकरी, मासे धरणारे, धुणं धुणाऱ्या मावशी, कोणीही चालतं. ‘काल पाणी कुठवर होतं?’ एवढंच विचारायचं.

बाभळींचं आणखी सांगायला हवं. चढलेल्या पाण्यात दगडांपेक्षा मला त्यांची भीती जास्त वाटते. दगडावरून पाणी वळसा घालून जातं, त्याच्याबरोबर माणूसही जातो. झुडपातून पाणी आरपार निघून जातं आणि माणूस फांद्यांत अडकतो, वर काटे. पाणी काठावरच्या झाडांत शिरलेलं दिसलं, तर मधली धार कितीही शांत वाटू दे, तो दिवस आपला नाही.

६. चढतंय की उतरतंय?

हे ओळखायला फार ज्ञान लागत नाही. कडेच्या दगडांवर पाण्याच्या वर ओला पट्टा दिसत असेल तर पाणी उतरतंय. कोरड्या धुळीला, ताज्या गवताला पाणी लागत असेल तर चढतंय. स्वच्छ धारेत अचानक गढूळपणा आला, काटक्या, पाला, बाटल्या, फेस यांची रांग मधून वाहू लागली, तर वर काहीतरी झालंय. पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला चिखलात एक काटकी रोवायची आणि सामान लावायला घ्यायचं. वीस मिनिटांनी काटकी बोटभर बुडलेली असेल तर सामान परत गाडीत.

तेवढीच पातळी, पण चढतीची आणि उतरतीची, या दोन निराळ्या नद्या असतात. उतरत्या पाण्यात थोडं जास्त पाणी चालवून घेता येतं. चढत्यात थोडंसुद्धा नाही.

७. फुगवट्याला शांत पाणी समजू नका

पवना दापोडीपाशी मुळेला मिळते. मुळेला वरून मुळशीचं पाणी येतं, पुढे संगमावर मुठेतून खडकवासल्याचं. खालच्या नद्या भरलेल्या असल्या की पवनेच्या पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही आणि ते मागे तुंबत जातं. सांगवीच्या वस्त्यांना याचा दर काही वर्षांनी फटका बसतो. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते तिथेही तसंच. भीमेला चासकमान आणि भामा-आसखेडचं पाणी असलं की इंद्रायणी संगमाच्या मागे थांबून राहते.

फुगवट्यात नदी रुंद, जवळपास स्थिर दिसते, नवख्या माणसाला ती सुरक्षित वाटते. पण खालच्या नदीचं पाणी ओसरलं की हे तुंबलेलं पाणी एकदम ओढ घेतं, आणि सगळा उतार परत मिळालेली नदी तुमच्या नावेखाली धावू लागते. पातळी जास्त आणि वेग कमी असेल तर खाली काय चाललंय ते विचारा. पातळी आणि वेग दोन्ही वाढत असतील तर वर काय चाललंय ते विचारा.

८. बंधारा वरच्या बाजूने कधीच कळत नाही

सगळ्यात जास्त कळकळीने हे सांगतो, कारण आपल्या नद्यांवर दर काही किलोमीटरला बंधारा आहे आणि नावेत बसलेल्याला तो दिसतो फक्त एका सरळ रेषेसारखा.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपता संपता ढापे, म्हणजे खांबांमधले गाळे बंद करायच्या फळ्या, टाकतात आणि पावसाळ्याआधी काढतात. ढापे टाकलेले असले की वर लांबवर संथ पाणी साठतं. कयाक शिकायला ती उत्तम जागा. ढापे काढलेले असले की खांबांच्या मधल्या प्रत्येक गाळ्यातून पाणी जोरात खाली जातं, आणि आडवी झालेली नाव दोन खांबांना टेकून तिथेच दुमडते. म्हणून जाण्याआधी ढापे आहेत की काढलेत, हे गावात विचारून घ्यायचं.

भिंतीवरून पाणी सांडत असतं तेव्हा धोका वेगळा. खाली पडलेलं पाणी तळाशी आपटून वर येतं आणि पृष्ठभागावरून परत भिंतीकडे फिरतं. त्यात सापडलेली वस्तू जात्यातल्या दाण्यासारखी आतल्या आत फिरत राहते. लाकडी ओंडके तिथे दिवसदिवस घुमताना दिसतात. लाइफ जॅकेट असूनही माणूस त्यातून सुटत नाही. उडी घेऊन वाचवायला गेलेलाही अडकतो. पाणी अगदी कमी असतं तेव्हा हे भोवऱ्याचं पाणी नसतं. मधल्या पातळीला, म्हणजे नाव चालवायला नदी सगळ्यात छान असते नेमकं तेव्हा, ते सगळ्यात घातक असतं. वरून बघताना सांडणारं पाणी जेमतेम वीतभर दिसतं आणि त्यामुळेच माणसाचा धीर चेपतो.

आमचा नियम साधा आहे. बंधाऱ्याच्या बराच आधी, प्रवाहाची ओढ लागायच्या आत, काठाला लागायचं. नावा खांद्यावर घेऊन खाली जायचं. कितीही उशीर झालेला असो.

९. कमी पाणीसुद्धा जपून

पाणी गुडघ्याएवढंच आहे म्हणून नावेतून उतरून वाहत्या धारेत उभं राहू नये. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकतं, पाण्याचा रेटा माणसाला पुढे पाडतो आणि गुडघाभर पाण्यात तोंड वर काढता येत नाही. पडलात तर पाठीवर तरंगा, पाय पुढे आणि वर, आणि पाणी संथ झाल्यावरच उभं राहा.

तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीने कातळात कोरलेली कुंडं आहेत. उन्हाळ्यात ती फार देखणी दिसतात, पण त्यांची खोली काठावरून समजत नाही आणि कडा शेवाळलेल्या असतात. १५ जून २०२५ च्या रविवारी तिथला जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीखाली कोसळला, खाली नदी भरून वाहत होती, चार जणांचा जीव गेला. त्या बाजूला नाव नेण्याचा विचारही करू नये.

शहराजवळच्या घाटांपाशी, विशेषतः गणपतींनंतर, पाण्याखाली सळया आणि लाकडी सांगाडे असू शकतात. फुगवायची कयाक असेल तर तिथे काठाला लागूच नका.

१०. धरणाच्या जलाशयात वारा बघा

पवना धरणाच्या पाण्यात तुंग, तिकोना बघत वल्हं मारणं ही मोठी मौज आहे. तिथे प्रवाह नसतो, पण वारा असतो. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर जलाशयात राहू नये. काठ सोडून मधे जाऊ नये.

११. एकाचा नकार पुरे

सुट्टी आठवड्यातून एकच, तीही गुरुवारी. घरच्यांना सांगितलेलं असतं, डबा घेतलेला असतो, रात्रपाळी करून कोणी थेट आलेलं असतं. इतकं सगळं जमवून आणल्यावर ‘आज नको’ म्हणायला जड जातं. म्हणून आम्ही ठरवलंय की गटातल्या एकाही माणसाने नको म्हटलं की नको. त्याने कारण द्यायचं नाही, इतरांनी मागायचं नाही. सगळ्यात नवख्या मुलीचा नकार आणि माझा नकार सारखाच. रात्रपाळी करून आलेल्याने काठावर थांबून गाडी सांभाळायची, हाही नियमच.

१२. पातळी शिकायची तर कोलाडला जा

मुळशीच्या तलावात साठणारं पाणी खरं तर मुळेचं, म्हणजे आपल्या बाजूचं. टाटांनी ते धरण बांधायला घेतलं तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ मुळशीचा सत्याग्रह झाला. गावं बुडाली, धरण झालं, आणि १९२७ पासून ते पाणी सह्याद्रीवरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. वीज तयार झाल्यावर ते रवाळजेहून कुंडलिकेत सोडलं जातं आणि कोलाडच्या बाजूला राफ्टिंग चालतं ते या पाण्यावर. वरच्या बाजूला लाटा आणि खडकांचा टप्पा, तिथे राफ्ट जातात. खाली नदी निवळते, तिथे कयाक शिकता येते.

नव्या मुलांना आम्ही आधी तिथे नेतो, तेही पाणी सुटायच्या तासभर आधी. तेव्हा पात्र उघडं असतं. पुलावर उभं राहून एकेक दगड दाखवायचा: हा टोकदार, हा सपाट, या दोघांच्या मधे खोल आहे, इथे कडेला पाणी उलटं फिरेल. मुलांना ते फोनवर टिपून घ्यायला लावायचं. मग पाणी येतं. आधी दगडांच्या मधल्या डबक्यांना हालचाल येते, मग धार लागते, आणि बघता बघता मघाचे दगड बुडून त्यांच्या जागी लाट, घळ, फुगा दिसायला लागतो. टोकदार दगडावर पाण्याचा कोंबडा उठतो. सपाट दगडावरून पाणी गुळगुळीत जातं आणि त्याच्या मागे खड्डा पडतो, तो फक्त खालून दिसतो. नदीतली प्रत्येक लाट कशामुळे उठते, हे एका सकाळी समजतं. पवनेवर किंवा भीमेवर हे शिकायला वर्षं जातात, कारण तिथे तोच दगड उघडा आणि बुडालेला असा एकाच दिवशी बघायला मिळत नाही.

तिथल्या स्थानिक मार्गदर्शक मुलांना बरोबर घ्या आणि ते सांगतील त्या टप्प्यापुरतंच जा. पाणी सोडायची वेळ विजेच्या गरजेप्रमाणे बदलते, ती आदल्या संध्याकाळी त्यांनाच विचारावी. पिंपरीहून हिंजवडी, पौड, ताम्हिणी असा रस्ता आहे. पावसाळ्यात ताम्हिणीत दरडी पडतात, रस्ता बंद होतो, म्हणून तोही आधी विचारून घ्यायचा. गुरुवारी गर्दी कमी असते. पहाटे चारला निघालं की पाणी यायच्या आत पुलावर पोचता येतं.